गार्शिंगच्या ढालचिन्हावर अणुभट्टी कशी? (आणि खोडदच्या मुलीनं काढलेली डिश)

रेघोटी

नमस्कार मंडळी. मी सहकारनगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. यंदा आठवीच्या वर्गाला एक प्रकल्प दिलाय: आपल्या मूळ गावासाठी ढालीच्या आकारात एक चिन्ह तयार करायचं. वर्गात कुणी भोरचं, कुणी वेल्ह्याचं, कुणी पुरंदरचं. सगळी पुण्यात वाढलेली, पण मे महिन्यात आणि जत्रेला गावी जाणारी.

बरीचशी चित्रं एकाच साच्यातली आली. देऊळ, बैलजोडी, मागे डोंगर, डोंगराआडून सूर्य. दोन मात्र वेगळी निघाली आणि त्या दोघांसाठीच हा धागा काढतेय.

एक मुलगी जुन्नर तालुक्यातल्या खोडदची. तिनं ढालभर एकच गोष्ट काढली: जीएमआरटीची, म्हणजे तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची डिश. देऊळ नाही, शेत नाही. विचारलं तर म्हणाली, "बाई, गावाकडे जाताना सगळ्यात आधी तीच दिसते, आणि आजोबा तिच्यावरूनच पाहुण्यांना रस्ता सांगतात." दुसरा मुलगा मुळशीकडचा. त्यानं ढालीचा खालचा अर्धा भाग निळा रंगवला, वर हिरवे डोंगर. त्यांचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. कागद लांबून पाहिला की निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळून जातात, काहीच उठून दिसत नाही.

डिशवरून आमच्या शिक्षकखोलीत वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, यंत्र हे गावाचं नसतं, संस्थेचं असतं. गावाच्या चिन्हात गावाचा आत्मा हवा. मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. त्याच आठवड्यात भाच्यानं फोटो पाठवला. तो म्युनिकजवळ गार्शिंगला शिकतो. तिथल्या ढालचिन्हावर अंड्यासारखा एक घुमट आहे आणि भाचा म्हणतो, ती अणुभट्टी आहे!

हे खरं आहे का? आणि खरं असेल तर गावानं अणुभट्टी आपल्या ढालीवर का घेतली? जर्मनीत गावोगावी अशी चिन्हं असतात म्हणे. त्यांचे रंगांचे, वस्तूंचे काही नियम असतात का? मला मुलांना नीट कारण देऊन सांगायचंय. "मला आवडलं म्हणून" एवढं सांगून भागणार नाही.

इसारकाठ

ताई, भाचा बरोबर सांगतोय. मी मूळचा कोथरूडचा, सध्या गार्शिंगमध्येच टेक्निकल युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतोय. यू-६ मेट्रोचं शेवटचं स्टेशन आमच्या कॅम्पसमध्येच आहे आणि तिथून चालत गेलं की तो घुमट दिसतो. इथे सगळे त्याला 'आटोम-आय' म्हणतात, म्हणजे अणूचं अंडं. उंची ३० मीटर, वरून अॅल्युमिनियमचं आवरण, त्यामुळे ऊन असलं की चांदीसारखा चमकतो.

ही जर्मनीतली पहिली अणुभट्टी. ३१ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली. वीज बनवायला नव्हती, संशोधनासाठी न्यूट्रॉन मिळावेत म्हणून होती. तेव्हा गार्शिंग हे म्युनिकच्या उत्तरेचं एक शेतकरी गाव होतं. त्या भट्टीच्या आजूबाजूला मग एकेक संस्था येत गेली: प्लाझ्मा फिजिक्सची मॅक्स प्लांक संस्था, युरोपियन सदर्न ऑब्झर्वेटरीचं मुख्यालय, आमच्या युनिव्हर्सिटीचे विभाग. १९९० मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. इथल्या कॅम्पसवर दुपारी जेवायच्या रांगेत मराठी ऐकू येतं, त्याचं मूळही त्या अंड्यातच आहे. गावानं ते ढालीवर घेतलं यात मला तरी काही नवल वाटत नाही.

वानवडीचा_वाडा

मी तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे. चिन्ह टिकाऊ हवं. आमच्या वानवडीत महादजी शिंद्यांची छत्री आहे. शिंद्यांचा नाग आणि सूर्य आजही ओळखू येतो, कारण त्यामागे घराण्याची कथा आहे. यंत्राला कसली कथा? आज आहे, उद्या भंगारात. ती जर्मन भट्टी तरी अजून चालू आहे का? नसेल तर ते शहर बंद पडलेली वस्तू ढालीवर मिरवतंय. आणि आता जर्मनीनं अणुऊर्जाच बंद केली ना? मग?

तुर्भ्याचा_निवृत्त

वानवडीकर, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी तुर्भ्याला, अणुसंशोधन केंद्रात गेली. निवृत्तीनंतर पुण्यात आलो.

गार्शिंगची जुनी भट्टी २००० साली बंद झाली. शेजारी नवी बांधली, ती २००४ मध्ये सुरू झाली. जुना घुमट पाडला नाही, तो आता संरक्षित वास्तू आहे. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरं: चिन्हावरची वस्तू कामातून गेली. पण शनिवारवाड्यातून आज कोण राज्य करतं? म्हणून तो पुण्याची ओळख राहत नाही का?

वीज आणि संशोधन यांत गल्लत करू नका, ही माझी कळकळीची विनंती. जर्मनीनं १५ एप्रिल २०२३ ला शेवटची तीन अणुवीज केंद्रं बंद केली, त्यांतलं एक गार्शिंगच्याच राज्यात, बव्हेरियात होतं. गार्शिंगच्या भट्टीनं वीज कधीच बनवली नव्हती. ती पाण्याच्या टाकीत बसवलेली भट्टी, आमच्या अप्सरेच्या जातीची. आणि अप्सरा तिच्याआधीची आहे बरं का! तुर्भ्याची अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आशियातली पहिली. गार्शिंगच्या आधी एक वर्षाहून जास्त. अशा भट्टीच्या टाकीत वरून डोकावलं की पाण्यात निळा उजेड दिसतो. तो उजेड पाहूनच पंडित नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिलं. मी तो निळा रंग पाहिलाय आणि आयुष्यात तसा दुसरा पाहिला नाही. यंत्राला कथा नसते असं मला कुणी सांगू नये.

गार्शिंगचा कागदोपत्री पहिला उल्लेख इसवी सन ९१५ चा आहे. हजारभर वर्षं जुन्या गावानं आपल्या ढालीवर डोळ्यांदेखत उभी राहिलेली इमारत घेतली. मला त्यात धाडस दिसतं. खोडदच्या त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यांतल्या १४ खोडदच्या परिसरात आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी स्टीलच्या तारांची जाळी दोरखंडांवर ताणून कमी वजनाची डिश उभी करायची युक्ती काढली, म्हणून ती एवढी मोठी करून परवडली. ती जागा निवडली त्याचं एक मोठं कारण हे की तिथे रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता. म्हणजे गावाची शांतता हाच तिचा पाया आहे. आता सांगा, डिश गावाची नाही तर कोणाची?

सदाशिवपेठी_जर्मनबाई

रेघोटी, तुझा प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले आणि पुढे नोकरीभर शिकवत आले. ढालचिन्हं हा माझा जुना नाद. जर्मनीत गेले की लोक चर्च बघतात, मी आधी ग्रामपंचायतीच्या दारावरची ढाल बघते.

आधी रंग, कारण तुझ्या मुळशीच्या मुलाची अडचण तिथेच आहे. ही पद्धत बाराव्या शतकात रणांगणावर सुरू झाली. शिरस्त्राणात चेहरा झाकलेला, तेव्हा लांबून ओळख पटायला ढालीवर खूण. म्हणून पहिला नियम लांबून दिसण्याचा. सोनं आणि चांदी हे दोन धातू, चित्रात पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, हिरवा, काळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही आणि रंगावर रंग ठेवायचा नाही. निळ्यावर हिरवा म्हणजे रंगावर रंग, मग कागद लांबून गिचमिड दिसणारच. ते मूल चुकलेलं नाही, त्याला नियम कुणी सांगितलाच नव्हता. पाणी दाखवायची तिकडची जुनी रीत आहे: पांढऱ्या आणि निळ्या नागमोडी पट्ट्या, एकाआड एक. वर पांढऱ्या पार्श्वभूमीवर हिरवा डोंगर काढू दे. डोंगरही तिकडे ठरावीक असतो, तीन गोलसर उंचवटे, मधला थोडा वर. तोरण्याचं कुणी मूल असेल तर त्याला हे उपयोगी पडेल.

आता वस्तू. इथे लोक हमखास फसतात. गावाच्या ढालीवर शिंपला दिसला तर समुद्र शोधू नकोस, तो संत याकोबाचा, सान्तियागोच्या यात्रेकरूंचा शिंपला आहे. लोखंडी जाळी दिसली तर ती स्वयंपाकाची नव्हे. संत लॉरेन्सला तशा जाळीवर भाजून मारलं अशी परंपरा आहे, म्हणून ज्या गावाचं चर्च त्याच्या नावाचं, तिथे जाळी. किल्ली संत पीटरची. औंधमध्ये ब्रेमेन चौक आहे ना, त्या ब्रेमेन शहराच्या चिन्हात लाल ढालीवर चांदीची किल्ली आहे, कारण तिथलं कॅथेड्रल पीटरचं. पुण्यातले हजारो लोक रोज त्या चौकातून जातात. त्यांना ही किल्ली कुणीतरी दाखवायला हवी असं मला नेहमी वाटतं.

चाकाचं तर विचारूच नको. मोडकं, सुऱ्या लावलेलं चाक असेल तर ते संत कॅथरीनचं. पाणचक्कीचं चाक असेल तर गिरणी. आणि लाल ढालीवर सहा आऱ्यांचं पांढरं चाक असेल तर गाव एके काळी माइन्झच्या आर्चबिशपच्या ताब्यात होतं एवढंच समजायचं. माइन्झचा विलिगिस नावाचा आर्चबिशप, ९७५ ते १०११. तो चाकं बनवणाऱ्याचा मुलगा आणि आपलं मूळ विसरू नये म्हणून त्यानं भिंतीवर चाक रंगवून घेतलं अशी दंतकथा आहे. कथा मागाहून जोडलेली असणार, पण माइन नदीकाठच्या किती गावांनी ते चाक अजून जपलंय! बव्हेरियात तसेच पांढरे-निळे तिरके चौकोन. ते मूळचे बोगेनच्या सरदारांचे. १२४२ मध्ये त्यांचा वंश खुंटला आणि चौकोन बव्हेरियावर राज्य करणाऱ्या व्हिटल्सबाख घराण्याकडे आले. थोडक्यात, जुन्या ढालींपैकी पुष्कळशा ढाली गाव कुणाच्या मालकीचं होतं तेच सांगतात. गावातल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मला गार्शिंग महत्त्वाचं वाटतं. फार गावांना जुनं चिन्ह नव्हतंच, त्यांनी ते विसाव्या शतकात ठरवलं, स्वतः बसून. त्यात नांगराचा फाळ आला, द्राक्षाचा घड आला, गव्हाची लोंबी आली आणि गार्शिंगला घुमट आला. मालकाची नव्हे, आपली खूण. बव्हेरियात हे असं मनात आलं आणि रंगवलं असंही चालत नाही. गावानं ठराव करायचा, राज्याच्या अभिलेखागाराचा सल्ला घ्यायचा आणि सरकारी मंजुरी मिळवायची. अभिलेखागारातले लोक इतिहास तपासतात, रंगांचा नियमही तपासतात. त्या चाळणीतून अणुभट्टी पार पडली हे तुझ्या सहकाऱ्यांना जरूर सांग.

वानवडीकर, टिकण्याबद्दल एक सांगते. कोबुर्ग शहराच्या चिन्हावर संत मॉरिसचं, काळ्या माणसाचं मस्तक आहे. १९३४ मध्ये नाझींनी ते काढून तलवार आणि स्वस्तिक बसवलं. १९४५ मध्ये लोकांनी मॉरिसला परत आणलं. चिन्ह टिकतं ते दगडाचं आहे की यंत्राचं यावर नाही, लोक त्याला आपलं मानतात का यावर.

वर्गासाठी एक सूचना. तिकडे खरं चिन्ह म्हणजे चित्र नव्हे, शब्दांतलं वर्णन. 'निळ्या ढालीवर चांदीची किल्ली' एवढं लिहिलेलं असतं आणि कुठल्याही चित्रकारानं ते आपल्या हातानं काढावं, सगळी चित्रं बरोबर. तू प्रत्येक मुलाला आपलं चिन्ह एका वाक्यात लिहायला सांग आणि ते वाक्य शेजारच्याला काढायला दे. चित्र ओळखू आलं तर चिन्ह जमलं. आणि हो, उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याची धरतात, बघणाऱ्याची नाही, नाहीतर सगळं उलटं होईल.

डिश निळ्यावर पांढरी घ्यायला सांग. एकच, मोठी, छटा न देता. खाली "खोडद" असं लिहायचं नाही.

मोडीवाचक

जर्मनबाईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. एक भर घालतो, कारण या धाग्यात सगळ्या खुणा परदेशातून यायला लागल्यात.

ढाल आपली नाही हे खरं. आपल्या संस्थानिकांची युरोपियन धाटणीची ढालचिन्हं मुख्यतः १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी इंग्रजांनी तयार करून दिली. त्याआधी आपल्याकडे ओळख पटायची ती मुद्रेनं, अक्षरांनी. शिवरायांची मुद्रा अष्टकोनी आणि तिच्यात फक्त संस्कृत श्लोक. पण गावाच्या पातळीवर चित्रंही होती! मी हौसेनं मोडी वाचतो. जुन्या महजरांत (गावसभेच्या निर्णयाच्या कागदांत), निवाड्यांत शेवटी गावकऱ्यांच्या साक्षी असतात. पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' आणि शेजारी छोटासा नांगर काढलेला. बलुतेदारांनी आपापल्या कामाचं हत्यार काढलेलं. अक्षर येत नाही म्हणून अंगठा उठवला असा प्रकार नाही, त्या माणसाची गावातली जागाच त्या रेघांत उतरलेली असते. शाई फिकट झाली तरी नांगर ओळखू येतो.

जर्मन खेड्याच्या ढालीवर फाळ आणि आपल्या पाटलाच्या सहीत नांगर. दोन्हीकडे माणसानं कामाचं हत्यार निवडलं. त्या न्यायानं डिशला हरकत घेणाऱ्या सरांना विचारा, नांगर हे यंत्र नव्हतं का?

आणि मुळशीच्या मुलाबद्दल. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, हे सगळं त्याच्या निळ्या पट्ट्यांखाली आहे. त्याला ते माहीत नसेल तर वर्गात जरूर सांगा. जर्मन ढालीवर निळी नागमोड बहुतेक वेळा गावाजवळून वाहणारी नदी असते. इथे ती गावावरून गेलेलं पाणी आहे. त्यानं पट्ट्यांमध्ये एखादा नांगर पांढरा-काळा काढला तर बघा. नियमात बसतो का हे जर्मनबाई सांगतील.

सदाशिवपेठी_जर्मनबाई

पट्ट्यांवर काहीही ठेवलं तर अर्धं पांढऱ्यावर पडतं, अर्धं निळ्यावर. अशा दुरंगी पार्श्वभूमीला नियम सैल असतो, तेव्हा काळा नांगर चालेल. पण माझं मत विचाराल तर नको. नांगर वर, डोंगराच्या जागी घ्या. वर पांढऱ्यावर काळा नांगर, खाली पाणी. दोनच गोष्टी. डोंगर सोडायला तो तयार होतो का ते त्यालाच ठरवू दे.

वानवडीचा_वाडा

निशाणी नांगरावर माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. तरी एक म्हणणं राहतंच. नांगर गावानं स्वतः घडवला, सुतार-लोहारानं. डिश बाहेरच्यांनी आणून बसवली. खोडदच्या लोकांना ती आपली वाटते का, हे खोडदलाच विचारायला हवं. आठवीतल्या एका मुलीच्या चित्रावरून ठरवू नये.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसादांची छापील प्रत शिक्षकखोलीच्या टेबलावर ठेवली होती, सरांनी पूर्ण वाचली. त्यांचा आक्षेप आता वानवडीकरांसारखाच आहे: गावाला विचारा. मला तो योग्य वाटतो. म्हणून मुलीला घरचा अभ्यास दिला, आजोबांना फोन करून विचार.

आजोबांनी तिला सांगितलं ते असं: डिश उभ्या राहत होत्या तेव्हा गावातले कितीतरी लोक तिथे कामाला होते. कुणी खड्डे खणले, कुणी पहारा केला. त्यांच्या मते ती गावानं उभी केलेलीच आहे. मात्र एकट्या डिशवर ते खूश नाहीत. खाली कांद्याचं रोप हवं म्हणाले, कारण डिशच्या मधल्या जमिनीत पीक कोण काढतं? तेव्हा आता वर निळ्यावर पांढरी डिश आणि खाली पांढऱ्या पट्ट्यावर हिरवी पात. नियमात बसतंय ना बाई?

मुळशीच्या मुलानं डोंगर काढून टाकला आणि नांगर घेतला. वर्णनाचं वाक्य त्यानं स्वतः लिहिलं: 'पांढऱ्यावर काळा नांगर, खाली पाणी'. शेजारणीनं ते वाचून काढलेलं चित्र त्याच्या मूळ चित्रापेक्षा चांगलं आलं. दोन्ही फळ्यावर लावलीत.

मोडीवाचक, असे नांगर काढलेले मूळ कागद पुण्यात मुलांना बघायला मिळतील का?

मोडीवाचक

सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. आधी शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि काय बघायचंय ते नेमकं लिहा: निशाणी असलेले महजर. अख्खा वर्ग एकदम नेऊ नका, कागद नाजूक असतात. दहा-बारा मुलांचे गट करा. मुलांकडे पेन नको, फक्त पेन्सिल. मोडी वाचायला कुणी हवं असेल तर मी शनिवारी सकाळी मोकळा असतो, व्यनि करा.

सदाशिवपेठी_जर्मनबाई

बसतंय. पात जरा रुंद काढायला सांग, लांबून गवत वाटायला नको.